साधं गुलाबी कॅलामाइन लोशन: तव्यापुढे उभ्या राहणाऱ्या बायकांचा अनुभव

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. एप्रिल लागला की आम्हा सगळ्यांच्या मानेवर, पाठीवर आणि ब्लाउजची शिवण घासते तिथे घामोळं उठतं. बारीक लाल पुरळ, आणि घाम फुटला रे फुटला की टाचण्या टोचल्यासारखी चुणचुण. त्यासाठी आमच्याकडे कायम असतं ते साधं गुलाबी कॅलामाइन लोशन. मेडिकलमध्ये मागितलं की मिळतं, चिठ्ठी लागत नाही.

माझं मत आधीच सांगते: घ्यावं, पण त्याच्याकडून काय मागायचं ते कळलं पाहिजे. घामोळं म्हणजे घामाच्या नळीचं तोंड बंद होणं. घाम बाहेर न पडता कातडीच्या आतच झिरपतो आणि तिथे आग होते. अगदी वरच्या थरात अडला तर नुसते पाणीदार बारीक फोड येतात, ते खाजतही नाहीत. थोडा खाली अडला की लाल होऊन खाजतं. ती नळी लोशनने उघडत नाही. अंग गार आणि कोरडं राहिलं की आपली आपण मोकळी होते. लोशन तोवर खाज आवरतं, आणि हे काही थोडं काम नाही, कारण खाजवून नखं लागली की पुळ्यांत पू धरतो.

बाटली जोरात हलवा. झिंक ऑक्साइडची पूड तळाशी बसलेली असते (गुलाबी रंग त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडचा). न हलवता ओतलं तर वरचं पाणीच हाती येतं, शेवटी तळाशी गाळ उरतो आणि माणसं म्हणतात गुण नाही. आंघोळ करून, सुती पंचाने टिपून, कापसाने पातळ हात फिरवायचा आणि पंख्याखाली वाळू द्यायचं. पाणी उडताना गारवा लागतो, मागे पूड राहते. जाड थापलं तर कातडी ओढते. डोळ्यांजवळ आणि सोललेल्या जागी लावू नका. तव्यापुढे मात्र ते टिकत नाही, घामाबरोबर ओघळतं. म्हणून आम्ही दुपारच्या सुट्टीत आणि रात्री लावतो.

मेंथॉलच्या पावडरी मी आता आणत नाही. गारवा पटकन येतो हे खरं, पण ओल्या मानेवर वळ्यांमध्ये लगदा होतो आणि खाजवलेल्या जागी झोंबतं. तान्ह्या बाळावर तर पावडर उडवूच नये, श्वासातून छातीत जाते. खोबरेल आणि व्हॅसलीनही नको, ती तोंडं आणखी बुजवतात. सासूबाई ताडगोळ्याची साल चोळायच्या. गार वाटतं, जरूर चोळा, फक्त नंतर धुऊन कोरडं करा.

एका गोष्टीची मला खरंच काळजी वाटते. आमच्यातल्या एकीला औषधाच्या दुकानातून ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून एक मलम मिळालं. तिचं घामोळं नव्हतंच, गजकर्ण होतं: गोल चट्टा, कडेला उठलेला आणि खवल्यांचा, मध्ये साफ. मलमात स्टेरॉइड होतं. ते लाली दाबतं, पण गजकर्णाची बुरशी आत वाढतच राहते. लाली चार दिवस गेली आणि मग चट्टा कमरेभर पसरला. गोल कड दिसली तर थेट त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

आमचं घामोळं खरं कमी झालं ते दुसऱ्याच गोष्टींनी. धुराड्याला एक्झॉस्ट लावला, पाठीवर येईल असा भिंतीचा पंखा बसवला, सिंथेटिक ब्लाउजच्या जागी सैल सुती कुर्ते आले, आणि मधूनमधून मान साध्या पाण्याने पुसून कोरडी करायची सवय लागली. माझी जाऊ अकोल्याला असते. मे महिन्यात तिथला पारा आमच्यापेक्षा कितीतरी वर, पण हवा कोरडी, घाम लगेच उडतो, म्हणून तिला त्रास कमी. जूनमध्ये पहिले पाऊस पडले, आणि खिडक्या लावून कूलर सुरूच ठेवला, की तिलाही उठतं.

घेताना लहान बाटली घ्या. लेबलावर कॅलामाइन आणि झिंक ऑक्साइड बघा, गोरेपणाचं आणि सुगंधाचं काही त्यात नको. गार जागेत राहूनही तीन-चार दिवसांत उतरलं नाही, पू दिसला किंवा ताप आला, तर लोशन बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.