ख्रिसमसच्या जागी गणपती: ‘द करेक्शन्स’ वाचताना

जोनाथन फ्रॅन्झन यांची ‘द करेक्शन्स’ (२००१) ही कादंबरी रत्नागिरीत आम्ही चौघांनी आळीपाळीने वाचली आणि मते काही जुळली नाहीत. पार्किन्सनने खचलेला नवरा आणि तिन्ही मुले यांच्यासह घरात शेवटचा एक ख्रिसमस साजरा व्हावा, हा कादंबरीतल्या आईचा, ईनिडचा, हट्ट चाकरमान्यांनी गणपतीला यावे म्हणून दोन महिने आधीपासून फोन करणाऱ्या आमच्याकडच्या आयांना मुळीच परका वाटणार नाही. महागडा सामन मासा चोरून पँटीत लपवणाऱ्या तिच्या मुलाला, चिपला, मी खळखळून हसलो, शेजारच्या काकूंना मात्र (मासळी पारखून घेणाऱ्या त्या!) किळस आली. जहाजावरचा भाग रेंगाळतो, हे मान्य. मात्र मुलगी डेनिस हिच्यासाठी वडिलांनी गुपचूप काय सोसले, ती पाने मी दोनदा वाचली.