नवीन बोर्डाचे पैसे घेतले आणि फ्यूजवर तार जोडून दिली

माझं घरून डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळीच्या आधी दोन-तीन अंक. माझा मॉनिटर २००९ साली घेतलेला, १९ इंची, चौकोनी घडणीचा, १२८० बाय १०२४ चा. हल्लीच्या रुंद पडद्यांपेक्षा त्यावर उभं पान मोठं दिसतं, प्रुफं वाचताना मान मोडत नाही. म्हणून जुना असला तरी टाकवत नव्हता.

गेल्या श्रावणात तो बिघडला. चालू केला की दोन सेकंद चित्र यायचं आणि पडदा काळा. बटणाजवळचा दिवा मात्र हिरवाच. काळ्या पडद्यावर टॉर्च धरला तर अक्षरं अंधुक दिसायची. पाठीमागे, वायर लागते त्या बाजूला, हात ठेववत नव्हता इतकं तापायचं.

घराजवळच्या दुकानात नेला. त्याने समोर उघडलासुद्धा नाही. "ताई, पॉवर सप्लायचं बोर्ड गेलंय. नवीन टाकावं लागेल, बावीसशे होतील." अंकाचं काम अंगावर होतं, मी हो म्हणाले. दोन दिवसांनी मॉनिटर मिळाला, चालत होता. जुनं बोर्ड मागितलं तर म्हणाला, ते एक्स्चेंजमध्ये परत जातं. बिल मागितलं तर, "पक्कं बिल हवं तर जीएसटी वर लागेल." शेवटी दुकानाच्या कार्डामागे '२२०० मिळाले' एवढं लिहून दिलं. तारीख नाही, काय बदललं ते नाही. माझी चूक इथेच झाली.

तीन आठवड्यांत पुन्हा तेच. या वेळी जळका वासही यायला लागला. दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. आता पॅनलपण गेलंय, साडेतीन हजार लागतील. नाहीतर भंगारात दोनशेला ठेवून जा." त्या दोनशेनेच मला शंका आली. पॅनल, म्हणजे चित्र उमटतं तो पडदाच, खरंच गेलं असेल, तर याला तो मॉनिटर हवाय कशाला?

बाबांचे एक मित्र टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, आयुष्यभर सोल्डरिंगच केलेलं. त्यांच्याकडे घेऊन गेले. काकांनी प्लग काढून ठेवला, मागचं झाकण उघडलं आणि आधी मोठ्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या डबीसारख्या भागाचा, चार्ज उतरवला. घरातल्या २३० व्होल्टचे आत डीसी होऊन सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट होतात आणि प्लग काढल्यावरही ते त्या कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतात. त्यामुळे घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुणी हे उघडायला जाऊ नका.

मग काकांनी मला जवळ बोलावलं. "हे बघ, याला नवीन बोर्ड म्हणाला ना तो?" बोर्डाच्या कोपऱ्यात ०९३१ असा आकडा छापलेला होता, म्हणजे २००९ सालाचा एकतिसावा आठवडा. ट्रान्सफॉर्मरभोवती बोर्ड वर्षानुवर्षं तापून तपकिरी झालेलं, कडेला धुळीचा थर. माझंच बोर्ड होतं ते. बदलले होते फक्त दोन कपॅसिटर, तेही दुसऱ्या कुठल्यातरी सेटमधून काढलेले. त्यांच्या बुडाला पिवळट गोंद सुकून चिकटलेला, आणि माझ्या बोर्डावर गोंदाचा मागमूस नव्हता. मूळ जागी २५ व्होल्टचे, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे हवे होते. यांवर लिहिलं होतं १६ व्होल्ट, ८५ अंश. दोघांचे माथे फुगलेले.

काकांनी समजावलं ते इथे लिहिते, कारण हे ठाऊक असतं तर मी बावीसशे दिलेच नसते. या कपॅसिटरमध्ये द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो, आतला रोध वाढतो, मग कपॅसिटर स्वतःच तापतो आणि आणखी सुकतो. पडद्याला मागून उजेड देणाऱ्या दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागाला, म्हणजे इन्व्हर्टरला, स्थिर व्होल्टेज मिळत नाही, तो दोन सेकंदांत स्वतःला बंद करून घेतो. पॅनल धडधाकट असतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. दोन्ही जातींवर आपापल्या कमाल तापमानाला २००० तास लिहिलेले असले, तरी बोर्डाजवळ ६५ अंश धरले तर ८५ वाला ८००० तास चालेल आणि १०५ वाला ३२,०००. माझ्या रोजच्या आठ तासांच्या कामाला एक तीन वर्षंही पुरत नाही, दुसरा जवळजवळ अकरा वर्षं जातो. आणि माझ्या बोर्डात जवळपास १५ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचा, म्हणजे जेमतेम एका व्होल्टची सवड असलेला, तोही वापरलेला कपॅसिटर बसवला होता.

इथपर्यंत मला पैशाचंच वाईट वाटत होतं. मग काकांनी बोर्ड उलटं केलं आणि त्यांचा चेहरा बदलला. वरून काचेचा फ्यूज जागेवर दिसत होता, ३.१५ अँपिअर, २५० व्होल्ट. पण खालून त्याच्या दोन्ही पायांवर तांब्याच्या तारेचा तुकडा आडवा सोल्डर केलेला. फ्यूज आतून जळलेलाच होता. दुरुस्ती करताना उडाला असणार, आणि नवा आणण्याऐवजी त्याने तार टाकली. "अगं, शॉर्ट झाला असता तर हा फ्यूज जाऊन सगळं थांबलं असतं. आता ही तार थांबवणार नाही, बोर्ड पेटेल," काका म्हणाले. मी रात्री अकरा-अकरापर्यंत त्या मॉनिटरसमोर बसत होते. शेजारी प्रुफांचा गठ्ठा, मागे कापडी पडदा.

दुसऱ्या दिवशी काकांनी पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून चार कपॅसिटर आणि दोन फ्यूज आणले. सव्वाशेच्या आत काम झालं. मॉनिटर आज चालू आहे, पाठ कोमट राहते.

फोटो घेऊन दुकानात गेले. आधी "आमचं काम नाही," मग "कारागीर बदललाय". राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावून तक्रार नोंदवते म्हटल्यावर बाराशे परत दिले. उरलेल्यासाठी भांडायला माझ्याकडे कागद नव्हता. तुम्ही दुरुस्तीला द्याल तेव्हा आधी बोर्डाचा आणि त्यावरच्या आकड्यांचा फोटो काढायला लावा, बदललेला भाग हातात मागा, आणि कोणत्या व्होल्टचे, किती अंशांचे कपॅसिटर टाकले ते तारखेसह बिलावर लिहून घ्या. जुना भाग द्यायला जो नाही म्हणतो, त्याच्याकडे सेट ठेवू नका.

आमच्या खालच्या मजल्यावर संगणकाचे क्लास चालतात. त्या बाईंनीही दोन मॉनिटर त्याच दुकानातून करून आणले होते. काकांनी रविवारी दोन्ही उघडले. एकात फ्यूज नीट होता. दुसऱ्यात खालून तशीच तार होती, आणि त्यासमोर रोज संध्याकाळी सातवी-आठवीची मुलं बसतात.