जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स: मिंट, अँटिएक्स की पपी?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत घाईघाईने माळ्यावर चढवलेले काही संगणक पुन्हा खाली आलेच नाहीत. आमच्या घरातला पेंटियम ४ हा त्यांपैकीच एक. त्यात १ जीबी रॅम आणि चपट्या आयडीई केबलवरची हार्ड डिस्क आहे. दुसरा संगणक मामांच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानातला. त्यात कोअर २ ड्युओ प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि २ जीबी डीडीआर२ रॅम आहे. दोन्हींवर विंडोज एक्सपी होते आणि त्याची सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबली. हे दोन्ही संगणक डोळ्यांपुढे ठेवूनच विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालीच्या मिंट, अँटिएक्स आणि पपी या तीन आवृत्त्यांची (यांना डिस्ट्रो म्हणतात) पुढील तुलना केली आहे.

कोणते लिनक्स घ्यावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर प्रोसेसरच देतो. कोअर २ ड्युओ हे सगळे ६४ बिटचे (म्हणजे एका वेळी ६४ बिट माहिती हाताळणारे) आहेत, तर पेंटियम ४ मध्ये ६०० मालिकेसारखे उशिराचे नमुने वगळता बहुतेक ३२ बिटचेच आहेत. ३२ बिटच्या यंत्रासाठी पर्याय झपाट्याने आटत चालले आहेत. उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोवर आधारित मिंटची १९.३ ही ३२ बिटमधली शेवटची आवृत्ती ठरली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन या डिस्ट्रोच्या १३ व्या आवृत्तीने ३२ बिटचे इन्स्टॉलर देणेच बंद केले. त्यामुळे पेंटियम ४ साठी मिंटचा विचार मनातून काढून टाकावा. डेबियन १२ वर बेतलेले अँटिएक्स २३ किंवा त्याच पायावरचे पपीचे ३२ बिटचे रूप बुकवर्मपप, एवढेच दोन व्यवहार्य पर्याय मला दिसतात.

खरी चुरस दुकानातल्या संगणकावर आहे. मिंटच्या एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपच्या आवृत्तीला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबीची शिफारस आहे. अँटिएक्स ५१२ एमबीमध्येही उभे राहते. काहीही न उघडता मिंट साधारण पाऊण जीबी रॅम व्यापते, तर अँटिएक्सचे त्याच्या पाव ते एक तृतीयांश रॅममध्ये भागते, कारण त्यात सिस्टीमडी (पार्श्वभूमीतल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) नाही आणि पूर्ण डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम हा फक्त खिडक्या सांभाळणारा हलका विंडो मॅनेजर आहे. केवळ आकडे पाहिले तर अँटिएक्स जिंकते. मात्र ज्यांना रोज संगणकावर बसायचे आहे, त्या मामांना एक्सपीची सवय आहे. मिंटचा खालचा पट्टा, डावीकडचा मेनू आणि पेनड्राइव्ह लावताच दिसणारे चिन्ह त्यांना न शिकवता समजते. अँटिएक्समध्ये मात्र साध्या सेटिंगसाठीही वेगळी कंट्रोल पॅनलची खिडकी शोधावी लागते आणि काही ठिकाणी मजकुराची फाइल उघडून बदल करावा लागतो. म्हणून माझे मत असे आहे की डिस्ट्रो हलकी करण्याआधी यंत्राला थोडे बळ द्यावे. जी३१ मदरबोर्ड ४ जीबीपर्यंत रॅम घेतो, साटा जोडणीवर लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) सहज बसते आणि या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो कोणतीही डिस्ट्रो बदलून पडत नाही. हा खर्च करायची तयारी असेल तर मिंट घ्यावे. २ जीबी आणि जुन्या हार्ड डिस्कवरच भागवायचे असेल तर मात्र अँटिएक्सच बरे. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, हीही जमेची बाजू आहे.

पपी लिनक्सची गोष्ट निराळी आहे. ते सुरू होताना स्वतःला रॅममध्ये चढवते, त्यामुळे कुरकुरणारी हार्ड डिस्क बाजूला राहते आणि जुने यंत्रही आश्चर्यकारक चपळाईने चालते. आपले बदल ते एका वेगळ्या फाइलमध्ये, मुख्यतः बंद करतेवेळी, जतन करते. ज्या पेठेत दुपारी वीज अवचित जाते आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच बसली आहे, तिथे शेवटच्या जतनानंतर केलेले बदल हातचे जाऊ शकतात. मिंट किंवा अँटिएक्स डिस्कवर पूर्ण बसवले, तर ईएक्सटी४ फाइलप्रणालीची (डिस्कवरचे बदल आधी टिपून ठेवणारी) नोंदवही वीज परतल्यावर बहुधा स्वतःच सावरून घेते. जतन न केलेला मजकूर अर्थातच तिथेही वाचत नाही. शिवाय पपीत वापरकर्ता सर्व अधिकार असलेला मूळ प्रशासक (रूट) म्हणूनच वावरतो, त्यामुळे अनेकांच्या हाताखालून जाणाऱ्या दुकानाच्या यंत्रासाठी मी ते सुचवणार नाही. बंद पडलेल्या संगणकातून फाइली काढून घेण्यासाठी मात्र पपीची पेनड्राइव्ह जवळ असावीच.

पेंटियम ४ बाबत थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. त्याला अडवते ते लिनक्स नव्हे, ब्राउझर. क्रोमने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली आणि फायरफॉक्सची १४४ ही ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची नियमित आवृत्ती ठरली. १ जीबी रॅममध्ये दोन टॅब उघडले की डिस्कचा लाल दिवा विझतच नाही. त्यातच प्रेस्कॉट पिढीचे पेंटियम ४ प्रोसेसर ८४ ते ११५ वॅटपर्यंत तापतात, तर कोअर २ ड्युओ बहुतांशी ६५ वॅटचे आहेत. अँटिएक्स बसवून मराठी टंकलेखनाचा सराव, जुनी गाणी किंवा मुलांना कमांड लाइनची ओळख एवढ्यापुरते ते यंत्र ठेवावे. बँकेचे किंवा सरकारी संकेतस्थळांचे काम त्यावर करू नये.

निर्णय काहीही झाला तरी आधी कॅबिनेट उघडावे. आमच्या यंत्राने सुरुवातीला फक्त लांब बीप दिले. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासले, तेव्हा पडदा उजळला. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित ठरवू लागला. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपल्यामुळे तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती आणि त्या तारखेला संकेतस्थळांचे कोणतेच सुरक्षा प्रमाणपत्र वैध नव्हते. जुने मदरबोर्ड पेनड्राइव्हवरून सुरू होत नाहीत, तेव्हा डीव्हीडी वापरावी किंवा सीडीवरून प्लॉप बूट मॅनेजर चालवून पेनड्राइव्ह निवडावी.

एका अटीवर मात्र ही सारी तुलना गैरलागू ठरते. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, तर तो विंडोजचा प्रोग्राम आहे आणि त्यासाठी वेगळे यंत्र ठेवणेच शहाणपणाचे. मामांचा हिशेब आता मुलाच्या लॅपटॉपवर असल्याने आम्ही मोकळे होतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कळमांडणीने मराठी लिहिणे मिंटमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी जोडले की लगेच जमते. अडचण आली ती जुन्या पत्रांची. ती युनिकोड या समान अक्षरसंकेतापूर्वीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली असल्याने लिबरऑफिसमध्ये नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसत होती. म्हणून एक्सपीची डिस्क पुसण्यापूर्वी कागदपत्रांसोबत विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्टचा फोल्डरही पेनड्राइव्हवर घ्यावा. तेच फॉन्ट मिंटमध्ये बसवल्यावर पावतीच्या माथ्यावरचे दुकानाचे नाव पुन्हा मराठीत उमटले.