छोटे व्हिडिओ आणि पदवीचा अभ्यास: एका सत्राचा अनुभव

रसायनशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमासाठी मी संपूर्ण सत्रभर छोट्या व्हिडिओंची एक सेवा नेमाने वापरली आणि ती कुठे उपयोगी पडते, कुठे दगा देते, याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे.

हाताच्या कामासाठी हे व्हिडिओ खरोखर उत्तम आहेत. टायट्रेशन करताना, म्हणजे एक द्रावण थेंब-थेंब मिसळून दुसऱ्याची तीव्रता काढताना, फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा गुलाबी रंग नेमका किती फिकट असताना ब्युरेटची (द्रावण सोडणाऱ्या मापननळीची) तोटी बंद करायची, हे पुस्तक वाचून मला कधीच उमगले नव्हते. ४० सेकंदांच्या एका व्हिडिओत शेवटचा थेंब पडताना, फ्लास्क हलवताना आणि जेमतेम जाणवणारी गुलाबी छटा टिकून राहताना दिसली. त्यानंतर माझे द्रावण पुन्हा कधी गडद झाले नाही.

संकल्पनांच्या बाबतीत मात्र माझी फसगत झाली. त्याच प्रयोगातील तीन नोंदींचे प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप) काढताना ३ ऐवजी २ ने का भागायचे, हे समजावणारा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला, दर वेळी ते पटले, आणि तोंडी परीक्षेत तोच प्रश्न आल्यावर ‘सूत्रच तसे आहे’ यापलीकडे मला काही सांगता आले नाही. सरासरीपासूनच्या विचलनांची बेरीज शून्य येते, म्हणून दोन विचलने कळली की तिसरे आपोआप ठरते, एवढीच ती गोष्ट. व्हिडिओत ती स्पष्ट सांगितलेलीही होती. परंतु कागदावर आकडे मांडून पाहावे, तोवर पुढचा व्हिडिओ सुरू झालेला असे.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारेच पुढे राहिले. माझे नेमके तेच झाले: पाहिल्याबरोबर सारे कळल्यासारखे वाटे आणि ते ताडून पाहण्याची सवडच उरत नसे. यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये ६० सेकंदांवरून तीन मिनिटांवर गेली, तरी केवळ लांबी वाढवल्याने ही उणीव भरून निघेल असे मला वाटत नाही.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मी ही सेवा आजही वापरते आणि इतरांनाही सुचवते. सिद्धान्ताचा व्हिडिओ असेल, तर तो संपताच फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि कारण वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिते. ते लिहिता आले नाही, तर पाठ्यपुस्तक उघडते.