फ्लेक्सचं पाकीट, खोबऱ्याची वाटी की ओला नारळ?

सोलापूरच्या आसपास नारळाची झाडं औषधालाही मिळायची नाहीत, पण नारळाशिवायचं घर शोधून सापडणार नाही. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, कुठून तरी कोणीतरी जाऊन येतं आणि प्रसादाचं भकल हातावर ठेवतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर फ्रीजचा एक कप्पा नारळांनीच भरतो. ओटीत आलेल्या खोबऱ्याच्या वाट्या डब्यात पडलेल्या असतात त्या वेगळ्याच.

आणि तरीही जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाचीने केकच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली तेव्हा तिचा पहिला फोन हाच होता. "मावशी, रेसिपीत दोन कप कोकोनट फ्लेक्स लिहिलेत. पाकीट महाग पडतंय. घरातलं खोबरं घातलं तर चालेल का गं?"

चालतं. पण घरातलं म्हणजे कोणतं, आणि कशात घालायचं, यावर सगळं ठरतं. मी गेली कित्येक वर्षं हे सगळे प्रकार आलटून पालटून वापरतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाकिटावरचं नाव नीट वाचा

फ्लेक्स म्हणजे सुकवलेल्या खोबऱ्याचे पातळ, रुंद काप. पोह्यांच्या चिवड्यात आपण जे काप तळून घालतो, त्यांचेच हे गोरे, कागदासारखे पातळ भाऊबंद. डेसिकेटेड म्हणजे बारीक, पांढरा, कोरडा कीस. दुकानात याच किसाला कोणी 'कोकोनट पावडर' म्हणतं आणि तिथे घोटाळा होतो, कारण नारळाच्या दुधाची पावडर ही वेगळी वस्तू आहे आणि नारळाचं पीठ आणखी वेगळी. पीठ हे तेल बरंचसं काढून घेतलेल्या खोबऱ्याचं असतं आणि पाणी इतकं पितं की डेसिकेटेडच्या जागी तेवढंच घातलं तर केकचा दगड होतो. या दोन्ही वस्तू आजच्या तुलनेतून बाहेर.

काही पाकिटांतले फ्लेक्स गोड असतात. परदेशी रेसिपीत बहुतेक वेळा हेच गृहीत धरलेलं असतं. त्यात वजनाच्या साधारण एक तृतीयांश साखरच असते आणि ते जरा ओलसर, मऊ असतात. तुमच्याकडचं खोबरं बिनसाखरेचं असेल तर साखर वाढवावी लागेल, आणि गोड फ्लेक्स आणले तर रेसिपीतली साखर कमी करावी लागेल. दम्याचा त्रास असलेलं कोणी घरात असेल तर घटकांच्या यादीत २२० ते २२८ यांपैकी क्रमांक आहे का तेही बघा. ते सल्फाइट, रंग पांढरा राहावा म्हणून घालतात, आणि काहींना त्याने त्रास होतो.

खरा फरक पाण्याचा

ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं आणि साधारण ३३ टक्के स्निग्धांश. डेसिकेटेडमध्ये पाणी ३ टक्क्यांच्या आसपास आणि स्निग्धांश ६० टक्क्यांच्या वर. सुक्या खोबऱ्याची वाटी याच बाजूची, फक्त ओलावा किंचित जास्त. म्हणजे फ्लेक्स, डेसिकेटेड आणि वाटी ही तिघं सख्खी भावंडं आहेत, ओला नारळ चुलत.

हे मला कळलं ते एका रवा केकमुळे. दिवाळीच्या तोंडावर डेसिकेटेड संपलं होतं, म्हणून दोन वाट्यांच्या जागी दोन वाट्या ओलं खवलेलं खोबरं घातलं. वरून केक सुरेख सोनेरी झाला. पाहुण्यांसमोर सुरी घातली तर मधोमध चिकट गोळा. नंतर हिशेब केला. दोन वाट्या म्हणजे १६० ग्रॅम खोबरं, त्यातलं ७५ ग्रॅम पाणी, म्हणजे मिश्रणात माझ्या नकळत ५ मोठे चमचे पाणी गेलं होतं. केक बिचारा काय करणार.

तेव्हापासून ओलं खोबरं केकमध्ये घालायचंच असेल तर आधी कढईत मंद आचेवर परतते. सुरुवातीला वाफ येते, कीस कढईला चिकटतो. मग हळूहळू मोकळा होऊन उलथन्याखाली सळसळायला लागतो. तो आवाज आला की उतरवायचं, रंग बदलायच्या आत. १०० ग्रॅम डेसिकेटेडसाठी जवळपास दुप्पट ओलं खोबरं घ्यावं लागतं, कारण परतून ते निम्मं होतं. चव मात्र पाकिटापेक्षा कितीतरी जिवंत असते.

उलट बाजूने जायचं असेल, म्हणजे ओलं हवं आहे आणि हाताशी फक्त कीस आहे, तर एक वाटी किसावर पाव ते अर्धी वाटी कोमट दूध शिंपडून अर्धा तास झाकून ठेवा. नारळाच्या वडीला, पुरणासारख्या सारणाला हे भागतं. उकडीच्या मोदकाला भागत नाही. तिथे गुळात शिजताना ओल्या खोबऱ्याचं दूध सुटतं आणि सारणाला ओलसर गोडवा येतो, तो भिजवलेल्या किसात कुठून आणणार? मोदकासाठी नारळच फोडा.

फ्लेक्स कुठे शोभतात आणि कुठे खटकतात

फ्लेक्सची जागा वरती आहे. केकवर, खिरीवर, फ्रुट सॅलडवर, घरच्या ग्रॅनोलात. भाजल्यावर त्यांच्या कडा आधी तपकिरी होतात, मधला भाग पांढरा राहतो, आणि दाताखाली कुरकुर आवाज येतो. तो आवाज किसातून कधीच मिळायचा नाही. कढईत भाजताना मात्र तिथून हलू नका. पहिली तीन-चार मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं आणि मग अर्ध्या मिनिटात ते करपतात. गोड फ्लेक्स त्याहून लवकर. केकवर घालायचे तर शेवटच्या दहा मिनिटांतच पसरा.

मिश्रणाच्या आत मात्र अख्खे फ्लेक्स मला आवडत नाहीत. केक कापताना सुरी त्यांना ओढत नेते आणि तुकडा भुगा होतो. नानकटाईत तर नकोच, तिला तडे जातात. आत घालायचे असतील तर मिक्सरला थांबून थांबून दोन-तीन झटके द्या. सलग फिरवलं की तेल सुटून लगदा होतो.

एकाच्या जागी दुसरं घालताना वाटीने मोजू नका, वजन करा. फ्लेक्स वाटीत पोकळ बसतात. एक कप फ्लेक्स ५० ते ६० ग्रॅम भरतात, तर एक कप बारीक कीस ८० ग्रॅमच्या पुढे जातो. भाचीच्या रेसिपीतल्या दोन कप फ्लेक्सच्या जागी तिने दोन कप कीस घातला असता तर केक कोरडा ठणठणीत झाला असता. तिला १२० ग्रॅम कीस सांगितला, आणि मिश्रण दहा मिनिटं तसंच ठेवून मग घट्ट वाटलं तर चमचाभर दूध.

वाटीच्या बाजूने

माझं मत विचाराल तर रोजच्या वापराला सुक्या खोबऱ्याची वाटीच. वजनाला भाव काढून बघा, फ्लेक्सच्या पाकिटापेक्षा वाटी बहुतेक वेळा स्वस्त पडते, आणि एकाच वाटीतून तिन्ही कामं होतात. सोलाण्याने पातळ ओढली की फ्लेक्स, किसणीवर किसली की डेसिकेटेडची जागा भरून निघाली, आणि विस्तवावर काळसर भाजली की मटणाच्या रश्श्याचं वाटण. काळ्या तिखटाला, लसूण-खोबऱ्याच्या चटणीला फ्लेक्स किंवा डेसिकेटेड वापरू नका. त्यांचा वास सौम्य असतो, भाजलेल्या वाटीचा खमंगपणा त्यात येत नाही.

केकसाठी वापरताना वाटीची पाठ सुरीने खरवडून घ्या, नाहीतर किसात तपकिरी ठिपके दिसतात. करंजीच्या सारणात मी पाठ ठेवते, कारण भाजल्यावर रंग तसाही बदलतो. आपल्याकडे कर्नाटक जवळ असल्यामुळे गोटा खोबरंही, म्हणजे न फोडता अख्खंच सुकवलेलं, बघायला मिळतं. तुमकुर जिल्ह्यातलं तिपटूर त्यासाठीच नावाजलेलं आहे. किसायला गोटा उत्तम, पण फोडून आत बघूनच घ्या. काळा-हिरवा डाग दिसला तर परत करा.

ओल्या नारळाचेही फ्लेक्स घरी होतात. भकल करवंटीपासून सुटं करून सोलाण्याने काप काढायचे आणि पातळ कपडा झाकून गच्चीवर ठेवायचे. आपलं एप्रिलचं ऊन दोन दिवसांत काप कडकडीत करतं. दमट हवेच्या गावाला हे इतकं सहज जमत नाही. प्रसादाचे नारळ साचले की मी हेच करते.

उन्हाळ्यात सांभाळायचं कसं

जे ऊन सुकवतं तेच नासवतंही. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. ओट्याशेजारच्या डब्यातल्या किसाला तेल सुटतं आणि तो खवट होतो. म्हणून सुकं खोबरं, कीस, फ्लेक्स, सगळं मार्चपासून फ्रीजमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात. ओलं खवलेलं फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीजरमध्ये छोट्या पुड्या करून दोन-तीन महिने.

वापरण्याआधी चिमूटभर तोंडात टाकाच. खवट खोबरं साबणासारखं लागतं आणि ती चव भाजून, साखर घालून, वेलची घालून कशानेही जात नाही. मी एकदा नवंकोरं पाकीट न चाखता वापरलं आणि चाळीस नानकटाया टाकून दिल्या.

खोबरंच नको असेल तर

कोणाला नारळ चालत नाही, कोणाला डॉक्टरांनी कमी सांगितलेला असतो. वरच्या कुरकुरीतपणासाठी बदामाचे काप किंवा भोपळ्याचा मगज घ्या, फ्लेक्सची उणीव फारशी जाणवत नाही. नानकटाईत आणि केकच्या आत बदामाची भरड. ग्रॅनोलात फ्लेक्सऐवजी ओट्स आणि तीळ वाढवा. आपल्या सोलापुरात शेंगदाण्याचा कूट हाताशी असतोच आणि बिस्किटांत तो छान लागतो, पण मग ती शेंगदाण्याची बिस्किटं होतात, आणि ऑर्डरची असतील तर घेणाऱ्याला शेंगदाणा चालतो का हे आधी विचारावं लागतं. नारळाच्या वडीला आणि नारळीभाताला पर्याय शोधू नका. त्या दिवशी दुसरं काहीतरी करा.

भाचीने शेवटी फ्लेक्सचं सर्वांत लहान पाकीट आणलं, फक्त वर पेरायला. आतला १२० ग्रॅम कीस माझ्या डब्यातल्या वाट्यांचा होता.