दोन गावांची सावली, क्षितिजावरचं जहाज की गच्चीवरचा ठिपका?

सपाट पृथ्वीचा व्हिडिओ पाहून घरातला कोणी किंवा वर्गातला एखादा मुलगा हट्टाला पेटला, की उपग्रहाचे फोटो दाखवून उपयोग नसतो. फोटो खोटे आहेत हे तर त्या व्हिडिओचं पहिलंच वाक्य असतं. मग स्वतःच्या हातांनी करता येईल असा प्रयोग शोधायला लागतो, आणि त्यासाठी तीन पर्याय सुचवले जातात. दोन गावांत काठ्या उभ्या करून सावली मोजायची, समुद्रावर जाऊन जहाज क्षितिजामागे बुडताना पाहायचं, किंवा एकाच गच्चीवर दिवसभर सूर्याचा ठिपका टिपायचा. वेळ एकाच प्रयोगापुरता असेल तर कोणता निवडावा, एवढ्यापुरतं हे लिहितो आहे.

समोरच्याचं म्हणणं नेमकं काय, ते आधी मांडून घेतलेलं बरं. त्याच्या नकाशात उत्तर ध्रुव मधोमध असतो, कडेला बर्फाची भिंत असते, आणि सूर्य साधारण पाच हजार किलोमीटर उंचीवर जमिनीला समांतर गोल फिरत असतो. सूर्य मावळत नाही, लांब जातो, असं तो म्हणतो. तेव्हा प्रयोग गोल पृथ्वीशी जुळला एवढ्याने भागत नाही. त्याच्या चित्राशी तो जुळता कामा नये. बहुतेक प्रयोग नेमके इथेच घसरतात.

दोन गावांच्या सावलीला मान मोठा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या सायीन आणि अलेक्झांड्रिया यांच्या सावल्यांतला ७.२ अंशांचा फरक धरून पृथ्वीचा घेर काढला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याने सूर्य फार दूर आहे, किरण समांतर येतात, हे गृहीत धरलं होतं, हे मात्र सांगायचं राहून जातं. ते गृहीतक काढून घ्या. मग त्याच दोन सावल्या सपाट जमीन आणि जवळचा सूर्य यांच्याशीही तंतोतंत जुळतात. मुरलेला सपाटवाला हाच प्रयोग उलट तुमच्यावर फेकतो.

म्हणजे किमान तिसरं ठिकाण हवं, किंवा सूर्य नेमका डोक्यावर कुठे आहे ते आधीच माहीत असलेला विषुवदिन हवा. २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो. त्या दिवशी मालवणात एक मीटर काठीची मध्यान्हीची, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतानाची, सावली २८.८ सेंटिमीटर पडते, नागपुरात ३८.७. मालवणच्या सावलीवरून सपाट जमिनीच्या हिशोबाने सूर्याची उंची ६२०० किलोमीटरच्या आसपास येते. तीच उंची धरून नागपूरची सावली काढली तर ३७.९ येते. गोल आणि सपाट यांच्यातला सगळा वाद असा आठ मिलिमीटरवर येऊन थांबतो.

माझं घोडं इथेच अडलं. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाचं बिंब आहे, म्हणून काठीच्या टोकाची सावली धारदार पडत नाही, कडेला पुसट होत जाते. एक मीटर काठीला नागपुरात हा पुसट पट्टा सुमारे एक सेंटिमीटर रुंद होतो. आठ मिलिमीटरचा फरक शोधायचा आणि कडच एक सेंटिमीटरची! काठी दुप्पट उंच केली तर फरक दुप्पट होतो, पण पट्टाही दुप्पट होतो. काठीच्या टोकाला बारीक भोकाची पट्टी लावून बिंबाचा मध्य टिपला तर पुसटपणाचा प्रश्न सुटतो हे खरं. पण काठी ओळंब्यात एका अंशाने चुकली तर सावली दोन सेंटिमीटरने बदलते, आणि काठी दुसऱ्या गावात दुसऱ्याच कोणी उभी केलेली असते. त्यात भर म्हणजे ‘बरोबर साडेबाराला मोजू’ असं फोनवर ठरतं. विषुवदिनी मालवणचं मध्यान्ह १२.४४ च्या आसपास असतं, नागपूरचं १२.२१ ला. साडेबाराला मालवणची सावली सात मिलिमीटर जास्त लांब असते. ज्या फरकासाठी एवढी खटपट केली, तेवढीच चूक नुसत्या घड्याळाने झाली.

एक सवलत प्रामाणिकपणे द्यायला हवी. तुमचं कोणी लंडनला असेल आणि त्या दिवशी तिथे ऊन पडलं, तर हाच प्रयोग एकदम दणदणीत होतो. मालवणवरून काढलेल्या सपाट हिशोबाने लंडनची सावली ९२ सेंटिमीटर यायला हवी, प्रत्यक्षात ती १२५ च्या पुढे जाते. तिथे पुसट कडेची फिकीर करायचं कारण नाही. शिवाय पृथ्वीचा घेर किती हे सांगणारा या तिघांतला हा एकच प्रयोग. फक्त महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, हौशी हातांनी, मला तो भरवशाचा वाटत नाही.

जहाजाचं थोडक्यात सांगतो. पाण्याच्या कडेला उभं राहिलं तर क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवर असतं. पंधरा किलोमीटरवरच्या जहाजाचा खालचा सात ते साडेआठ मीटर भाग त्यामागे झाकला जातो. सात की साडेआठ हे हवेतल्या अपवर्तनावर ठरतं, आणि गोम तिथेच आहे. पाण्यालगतची हवा थरांत तापते-निवते, किरण वाकतात, आणि एखाद्या दिवशी लपायला हवा तो भाग वर उचललेला दिसतो. इंग्लंडमध्ये १८३८ साली सपाट पृथ्वीचा प्रचारक सॅम्युअल रोबॉथमने बेडफर्डच्या सरळ कालव्यात उतरून, पाण्यापासून जेमतेम वीस सेंटिमीटरवर डोळा ठेवून, सहा मैलांपर्यंत नाव पूर्ण दिसते असं जाहीर केलं ते याच जोरावर. पुढे १८७० मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने त्याच कालव्यावर दृष्टिरेषा सुमारे चार मीटर उचलून पाचशे पौंडांची पैज जिंकली. मात्र हरलेल्या सपाटवाल्या जॉन हॅम्पडेनने मान्य काहीच केलं नाही, उलट वॉलेसचा वर्षानुवर्षं छळ केला. पैज लावू नये एवढं त्यातून नक्की घ्यावं. कोकणच्या किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असताना, बुडालेलं जहाज किल्ल्याच्या तटावर चढून पुन्हा पूर्ण दिसतं का हे पाहणं फार सुंदर आहे, मुलांना तर जरूर दाखवावं. एप्रिल-मेच्या धुरकट हवेत जहाज बुडण्याआधीच विरून जातं. आणि मावळत्या सूर्याच्या दिशेला दुर्बीण रोखायची नाही म्हणजे नाही.

आता गच्चीवरचा ठिपका. तत्त्व असं. विषुवदिनी सूर्य दिवसभर आकाशात ज्या मार्गाने जातो, त्या मार्गावरून एका भोकातून येणारे सगळे किरण एकाच सपाट पातळीत असतात. ती पातळी कागदाला छेदते तिथे सरळ रेषा उमटते. सपाटवाल्याचा सूर्य मात्र जमिनीला समांतर वर्तुळात फिरतो, आणि अशा वर्तुळाचं भोकातून पडणारं चित्र वर्तुळाचाच तुकडा असतं. एकीकडे सरळ रेषा, दुसरीकडे कमान. कोणाच्या फोनची वाट बघायला नको.

साहित्य किरकोळ आहे. २२ × २८ इंची पांढरा कार्डशीट, तो पूर्ण मावेल असा प्लायचा तुकडा, थंड पेयाच्या डब्यातून कापलेला दहा सेंटिमीटरचा चौकोनी पत्रा, त्यात दाभणाने पाडलेलं एक-दीड मिलिमीटरचं भोक. पत्रा पातळच हवा. जाड पुठ्ठ्यात तिरपे किरण भोकाच्या भिंतीलाच अडतात आणि सकाळचे ठिपके येतच नाहीत. पत्रा कागदाशी समांतर, बरोबर २५ सेंटिमीटर उंचीवर बसवा. उभा आधार भोकाच्या दक्षिणेला ठेवा. तो उत्तरेला किंवा बाजूला आला तर त्याचीच सावली ठिपक्यावर पडते. भोकातून दोरा आणि नट सोडून खालचा पायबिंदू कागदावर खुणावून घ्या. कार्डशीटची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, पायबिंदूच्या उत्तरेला बारा-पंधरा सेंटिमीटर जागा सोडा, उरलेला कागद दक्षिणेला.

दिशा ठरवायला होकायंत्रावर विसंबू नका. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आतच असते, पण स्लॅबमधल्या सळया सुईला कुठेही ओढतात. आदल्या दिवशी जुन्या शंकूच्या रीतीने काम करा. जमिनीवर एक काठी, तिच्याभोवती एक वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे एक खूण, दुपारी बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते.

विषुवदिनी पुण्याचं मध्यान्ह १२.४२ च्या सुमारास, मुंबईचं १२.४६ ला. त्याच्या तीन तास आधीपासून तीन तास नंतरपर्यंत, दर अर्ध्या तासाला ठिपक्याच्या मध्यावर पेन्सिलची खूण करा. सकाळ-संध्याकाळ ठिपका लांबट होतो, तेव्हाही मध्यच धरा. पुण्यात सगळ्या खुणा पायबिंदूच्या उत्तरेला ८.४ सेंटिमीटरवर एका ओळीत येतात, मुंबईत ८.६ वर, नागपुरात ९.७ वर.

दुसऱ्या बाजूचं भाकीतही त्याच कागदावर सकाळीच काढून ठेवा, आणि शक्य असेल तर हट्टी माणसाच्याच हातून. त्याला सूर्याची उंची त्या दिवसाच्या मध्यान्हीशी जुळेल अशी हवी तेवढी घेऊ द्या, उदार व्हायला हरकत नाही. मध्यान्हीचं अंतर गुणिले ९०, भागिले अक्षांश, ही त्याच्या कमानीची त्रिज्या. महाराष्ट्र-गोव्यात कुठेही ती ४० ते ४१ सेंटिमीटर येते. मध्यान्हीच्या अपेक्षित खुणेपासून दक्षिणेला तेवढं अंतर मोजून तिथे खिळा ठोका आणि दोऱ्याने कमान मारा. एका तासाने खरा ठिपका आणि कमानीवर त्याच वेळेला यायला हवा तो ठिपका यांच्यात उत्तर-दक्षिण दीड सेंटिमीटरचीही फट नसते, तेव्हा घाईने निकाल जाहीर करू नका. दोन तासांनी पाच सेंटिमीटरच्या वर जाते. तीन तासांनी बारा. लक्षात घ्या, मालवण-नागपूरचा फरक मीटरभर काठीला आठ मिलिमीटर होता. इथे पाव मीटर उंचीला बारा सेंटिमीटर आहे.

आणि माझं पारडं झुकलं ते एवढ्या बारा सेंटिमीटरनेच नाही. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो, घाईत पाणसळ कोणी लावत नाही, पत्रा किंचित कलतो. या प्रयोगात ते सगळं चालून जातं. फळी तिरपी असली तरी सपाट पातळी सपाट कागदाला सरळ रेषेतच छेदते. रेषा अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे सरकेल, थोडी तिरकी होईल, पण वाकणार नाही. तिला वाकवू शकतो तो फक्त फुगलेला कागद, म्हणून तो चारही कडांनी घट्ट चिकटवा. हलक्या हाताने केलेल्या कामालाही बरोबर उत्तर देणारा प्रयोग सहसा सापडत नाही.

मार्च हुकला तर सप्टेंबरच्या विषुवदिनावर भिस्त ठेवू नका, ढग असतात. त्यापेक्षा डिसेंबर बरा. तेव्हा रेषा सरळ येत नाही, पण वाकते ती उलटीकडे. पुण्यात २१-२२ डिसेंबरला मध्यान्हीचा ठिपका २२.५ सेंटिमीटरवर आणि तीन तासांनी जवळपास ३० वर, म्हणजे टोकं उत्तरेला पळतात. सपाट चित्रातली टोकं मात्र वर्षभर दक्षिणेलाच वळतात. मे महिन्यात, शून्य सावलीच्या सुमारास, दोन्ही एकाच बाजूला वाकतात, म्हणून तो काळ या कामाला टाळावा. शून्य सावलीचा दिवस साजरा करायला छान असतो. ‘बारा वाजता सूर्य रोज डोक्यावर’ हा समज तो मोडतो, सपाट पृथ्वीचा नाही, कारण सूर्य डोक्यावर येणं त्या मंडळींनाही मान्यच आहे.

ठिपक्याची मर्यादाही सांगून टाकतो. पृथ्वी फिरते की सूर्य, हे हा कागद सांगत नाही. दोन्हींत रेषा तीच येते. आर्यभटाने नावेतून मागे जाणाऱ्या काठाची उपमा दिली ती याच अडचणीवर. फिरणं दाखवायला फुकोचा लंबक लागतो, म्हणजे लांब दोरीला टांगलेलं वजन, ज्याच्या झोक्याची दिशा पृथ्वीच्या फिरण्याने हळूहळू वळते, आणि पुण्याच्या अक्षांशावर तो तासाला पाच अंशही वळत नाही, त्यामुळे घरी बांधायला तो भलताच चिवट आहे.

कागद टाकून देऊ नका. पायबिंदूपासून उत्तरेला एक लांब पट्टी जोडून त्याच मांडणीवर २२ डिसेंबरला आणि पुन्हा १४ जानेवारीला फक्त मध्यान्हीची खूण करा. पुण्यात पहिली २२.५ वर, दुसरी २१ च्या जरा अलीकडे. संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं म्हणणाऱ्यांना ती दीड सेंटिमीटरची जागा दाखवा. सूर्य तोवर तीन आठवडे उत्तरेकडे चाललेला असतो.