गोठा, ट्रॅप की रांजण?

धानपट्ट्यातल्या गावांत डासांच्या जातींची नोंद करायची म्हटली की कॉलेजची पोरं आधी लाइट ट्रॅपची (दिव्याकडे आलेले डास पंख्याने पिशवीत ओढणाऱ्या सापळ्याची) किंमत विचारतात. मी त्यांना आधी पहाटे गोठ्यात पाठवतो.

तिथे लागतं काय? टॉर्च, तोंडाने ओढायची सक्शन ट्यूब, जाळी बांधलेले कागदी कप. (ट्यूबच्या आत जाळीचा तुकडा हवाच, नाहीतर डास थेट घशात. अनुभवाने सांगतो.) रात्री रक्त पिऊन सुस्तावलेली मादी कुडाला, छताच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली असते. बूड वर करून तिरकी बसली असेल तर ॲनोफिलीस, कुबड काढून भिंतीला समांतर बसली असेल तर क्युलेक्स. हिवताप पसरवणाऱ्या क्युलिसिफेसिसला, म्हणजे ॲनोफिलीसच्याच एका जातीला, माणसापेक्षा गुरांचं रक्त जास्त आवडतं, म्हणून गोठा. डोंगराकडच्या, वाहत्या नाल्याकाठच्या गावांत फ्लुविॲटिलिस ही ॲनोफिलीसची दुसरी जातही मिळते. दोघी लहानखुऱ्या, पण भिंगाखाली पंखाची तिसरी शीर पहिलीत काळपट, दुसरीत फिकट दिसते.

ट्रॅपचं घोडं इथेच अडतं. पंख्यातून खेचलेल्या डासांच्या पंखांवरचे, शिरेला रंग देणारे खवले झडतात, मग शिरेचा रंग कसला बघता? त्यात धान भरात असताना अर्धी पिशवी तुडतुड्यांचीच. तरी संध्याकाळी ६ ते सकाळी ६ तो एकसारखा चालतो, पकडणाऱ्याच्या हातगुणाचा फरक पडत नाही, त्यामुळे दोन गावांच्या आकड्यांची तुलना करायला तो बरा. जपानी मेंदूज्वराशी संबंधित, धानाच्या बांधीतल्या पाण्यात वाढणारे क्युलेक्सही त्यात चांगले येतात. बॅटरी मात्र आधीच चार्ज करून ठेवा, विजेचा भरवसा नाही.

दिवसा चावणारा, डेंग्यू पसरवणारा एडिस या दोन्हींत क्वचितच सापडतो. त्याच्यासाठी रांजण, टाक्या, टायर, कूलर धुंडाळून अळ्याच गोळा कराव्या लागतात. पाण्याला समांतर पडून असते ती ॲनोफिलीसची अळी, डोकं खाली करून लोंबते ती एडिस किंवा क्युलेक्सची. नेमकी जात हवी असेल तर जाळीच्या भांड्यात डास होईपर्यंत वाढवा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात.

हिवतापासाठी गोठा आणि माणसांच्या झोपायच्या खोल्या, डेंग्यूसाठी रांजण. पैसे उरले तर ट्रॅप. किती जणांनी किती वेळ शोधलं हे लिहा, डास एकही न मिळालेल्या गावातसुद्धा. आणि कपावरची चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, कपावर ठेवलेल्या ओल्या कापसाने शाई फुटते.